जिल्हाअप्पांचे सहा तालुके

लातूर जिल्हा आपण स्वतःच्या पाठीवरून आत नेला, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि गंमत म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढून नवा जिल्हा केला, तेव्हा गावोगावच्या जमिनींची दप्तरं ट्रकांत भरून लातूरच्या नव्या कचेरीत आली. लाल फडक्यात बांधलेले ते गठ्ठे उतरवायला मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, हमालांची टोळी बोलावली होती, आणि त्या टोळीत ऐन विशीतले अप्पा होते. "तीन दिस लागले, ताई," ते सांगायचे. "औसा हलका होता. निलंग्यानं मात्र कंबर मोडली." ऐकणारा हसला की ते जास्तच गंभीर होत. "हसू नका. सायबलोक मागून खुर्चीवर बसले. त्यांच्या आदी जिल्हा माझ्या पाठीवर बसला व्हता." तेव्हापासून मोंढ्यानं त्यांना जिल्हाअप्पा करून टाकलं. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण ते मी कधी वापरलं नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडूनही ऐकलं नाही.

मी त्यांना भेटले तेव्हा ते साठीच्या पुढे होते आणि मी सव्वीस वर्षांची होते. मी मूळची धर्माबादची, शिकले नांदेडला आणि नोकरीला लागले पुण्याच्या एका कंपनीत. आमची कंपनी गोदामात माल हलवणारे रोबो बनवते. रोबो म्हटलं की लोकांना हातपाय असलेला पत्र्याचा माणूस आठवतो. आमचे तसे नव्हते. गुडघ्याएवढी उंच, चपटी, चार माणसं पत्ते खेळायला बसतील एवढी पेटी. ज्या लाकडी पॅलेटवर पोत्यांची थप्पी रचलेली असते, तिच्या पोटाखाली ही पेटी शिरते, थप्पी अलगद उचलते आणि कुणीही न चालवता ठरलेल्या जागी नेऊन ठेवते. पुढच्या बाजूला काळ्या काचेची पट्टी असते; तिच्यातून लेझरचे किरण जातात आणि समोर काय आहे ते तिला कळतं. वाटेत माणूस दिसला की ती थांबते. एवढ्या शहाण्या यंत्रांची मी इंजिनिअर, त्यामुळे जगातली अर्धी माणसं उगाचच मध्ये येतात असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

लातूरच्या बाहेर, उदगीरच्या रस्त्यावर डाळीचं आणि सोयाबीनचं एक मोठं गोदाम होतं. तिथे सहा रोबो घेऊन मला तीन महिन्यांसाठी पाठवलं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. मोंढ्यात आवक नाही, गोदाम अर्धं रिकामं, आणि प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं येत होतं. पहिल्याच दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा करून सरळ सांगितलं. बाहेरची एक मोठी कंपनी तीन जिल्ह्यांचा माल इथे ठेवायला तयार आहे, पण तिला गोदामात रोबो चालताना हवेत. तीन महिन्यांनी त्यांची माणसं तपासायला येणार. रोबो पास झाले तर माल येईल. नापास झाले तर गोदामाला कुलूप लावण्यावाचून इलाज नाही.

हमालांत चुळबुळ झाली. टोळीचे मुकादम अप्पाच होते. त्यांनी डोक्याचा रुमाल सारखा केला आणि एकच प्रश्न विचारला.

"पास झालं, तर माणसं किती ठिवणार?"

"सोळाच्या सोळा," मालक म्हणाले.

"शब्द?"

"शब्द, अप्पा."

"आयकलं न्हवं रे? सोळा." ते टोळीकडे वळून म्हणाले. मग मालकांनी त्या कंपनीच्या नियमांचा कागद वाचायला घेतला. बूट, शिरस्त्राण, अमुक, तमुक. माझं लक्ष नव्हतं, मी चार्जिंगच्या वायरी तपासत होते. अप्पा मात्र हात मागे बांधून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत उभे होते. कागद संपल्यावर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या गाड्या आता पास करायच्या म्हंजे करायच्या." जणू माझ्या मनात नापास करायचं होतं.

अप्पांची मोजणी हा रोज सकाळचा सोहळा असे. टोळी दारात रांगेनं उभी राही आणि अप्पा प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावून मोजत. चौदा, पंधरा, सोळा. शेवटचा खांदा करीमचाचांचा. अप्पांचे चाळीस वर्षांपासूनचे जोडीदार. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, "अप्पा, सतरा होतात. तुम्ही स्वतःला धरलंच नाही."

"मुकादम मोजत न्हाईत, ताई. मोजणारा मोजणीत येत नसतो."

"असं कुठे असतं?"

"आमच्यात असतंय." मग पोत्यावर टेकून त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट सांगितली. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. तिथला हजेरी मांडणारा स्वतःच्या तीन पाहुण्यांची नावं ते न येताच लिहायचा, आणि ज्याला भरलेलं टोपलं उचलवत नाही त्याचं नाव गाळायचा. "एक दिस माझ्या मायचं गाळलं," अप्पा म्हणाले. "ती घरी येऊन चुलीम्होरं बसली, नुसती बसली. मी तवाच ठरवलं, कवा हजेरी माझ्या हातात आली तर माणूस गळणार न्हाई." एवढं बोलून ते उठले आणि कुणाला तरी पोतं वाकडं लावल्याबद्दल ओरडायला गेले. दुःखाजवळ फार वेळ बसायची त्यांना सवय नव्हती.

आमच्या रोबोंना एक ते सहा असे नंबर होते. अप्पांना ते मुळीच पटलं नाही. "नंबर काय, जनावराच्या कानाला बी टोचतेत," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. सहा रोबोंवर सहा तालुके लिहिले गेले: उदगीर, निलंगा, औसा, अहमदपूर, चाकूर आणि देवणी. जिल्ह्यात तालुके दहा आहेत, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "मग आनखी चार मागवा की पुण्याहून." त्यांचा जीव निलंग्यावर जास्त. तो जरा जरी थांबला, तरी गोदामाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज येई, "निलंगा कामून बसलाय?" ही भाषा आठवडाभरात माझ्याही तोंडी बसली. पुण्याच्या साहेबांचा फोन आला तेव्हा मी सहज बोलून गेले की अहमदपूर चाकूरच्या मागे अडकलाय आणि देवणी अर्ध्या तासानं चार्ज होईल. साहेबांनी मला मायेनं विचारलं, तिकडे ऊन फार आहे का.

पण त्याच्याही आधीचा, पहिल्या सोमवारचा किस्सा सांगायला हवा. सकाळी आठला मी रोबो सुरू केले आणि सहाच्या सहा जागेवरून हलेनात. पडद्यावर एकच ओळ: समोर अडथळा. समोर काहीही नव्हतं. मी बंद करून पुन्हा सुरू केले, वायरी काढून लावल्या, पुण्याला फोन केला. तिकडे चार जण कामाला लागले. एकानं सॉफ्टवेअरला दोष दिला, दुसऱ्यानं लातूरच्या विजेला. दुपारचे तीन वाजले. शेवटी हताश होऊन मी निलंग्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसले, आणि मग मला दिसलं. काळ्या काचेच्या पट्टीवर तीन बोटांची ठसठशीत विभूती. सहाही रोबोंच्या डोळ्यांवर राख फासलेली होती आणि ते बिचारे दिवसभर आंधळे होऊन बसले होते.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पोटमाळ्यावरची कबुतरं उडाली. अप्पा शांतपणे आले. त्यांच्या स्वतःच्या कपाळावरही तीच विभूती होती.

"सोमवार हाय. नव्या कामाला इभूत लावल्याबिगर कसं चालंल?"

"अप्पा, तो त्यांचा डोळा आहे! डोळा!"

ते खाली वाकले, काच निरखली, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरला. "आरारा. डोळ्यात राख घातली व्हय मी लेकरांच्या." डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी सहाही काचा हळुवार पुसल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मग ह्यांचं कपाळ कुठं हाय, ते सांगा." मी आयुष्यात पहिल्यांदाच यंत्राचं कपाळ ठरवलं. मागच्या बाजूला, चार्जिंगच्या झाकणाच्या वर. त्या दिवसापासून रोज सकाळी आधी रुमालानं काच पुसायची आणि मग मागे विभूती, हा त्यांचा नेम झाला. माझी चिडचिड नंतर कृतज्ञतेत बदलली, हे कबूल करते. त्या कोरड्या वर्षी गोदामात एवढा फुफाटा यायचा की काचा दर दिवशी मळायच्या, आणि पुण्याहून आलेली खास फडकी पंधरा दिवसांत संपली होती. अप्पांचा रुमाल संपला नाही.

खरं संकट पुढेच होतं. महिना उलटला तरी रोबोंचं काम निम्म्याच्या वर जाईना. पडद्यावर दिसायचं की ते अर्धा दिवस नुसते उभे आहेत, आणि कारण दरवेळी एकच: वाटेत माणूस. मी थप्प्यांमधल्या गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. बघते तर काय! औसा थप्पी घेऊन गल्लीत शिरला. समोरून करीमचाचा रिकाम्या हातानं येत होते. भरलेला औसा बघताच चाचा पाठ थप्पीला टेकवून पुतळ्यासारखे उभे राहिले. माणूस दिसला म्हणून औसाही थांबला. चाचा त्याला वाट देऊन उभे, तो चाचांना वाट देऊन उभा. मागून उदगीर आला, तो औशामागे थांबला. उदगीरमागून आणखी दोन हमाल आले, भरल्या गाड्या बघून तेही थप्पीला टेकले. पाच मिनिटं गल्लीत सगळे एकमेकांना मान देत उभे होते आणि काम कुणीच करत नव्हतं.

"चाचा, चालत राहा ना!" मी ओरडले.

"ऐसा कैसा चलूं, बेटी? भरेला है उनो," चाचा म्हणाले, आणि हलले नाहीत.

मी रागावून सगळ्यांना फर्मान काढलं: रोबो दिसला तरी थांबायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली, आणि भरला रोबो समोर दिसताच सगळ्यांचे पाय पुन्हा आपोआप थांबले. साहेब फोनवर म्हणू लागले की ही माणसं मुद्दाम करतायत. मीही तसंच म्हणत अप्पांकडे गेले. काय काय बोलले ते आता आठवलं तरी मला लाज वाटते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि डाळीचा एक कट्टा, म्हणजे तीस किलोचं छोटं पोतं, उचलला.

"पाठ करा हिकडं, ताई."

"काय?"

"पाठ करा."

का कोण जाणे, मी केली. कट्टा पाठीवर बसला आणि मी कमरेत वाकले. हात वर करून त्याचे कान, म्हणजे वरची दोन टोकं, धरायला त्यांनी शिकवलं आणि गल्लीतून चालायला सांगितलं. पहिल्या दहा पावलांतच मला कळलं की मला काहीही दिसत नाहीये. फक्त माझ्या चपला आणि त्यांच्यापुढची दोन पावलं जमीन. बाजूला कुणीतरी हललं, मी दचकले, आणि कट्ट्यासकट भेलकांडले. अप्पांनी मला सावरलं, तोपर्यंत माझा घाम कानांमागून वाहत होता.

"कळलं का?" कट्टा उतरवत ते म्हणाले. "भरलेला माणूस आंधळा असतोय. त्याच्या वाटंत जो हालला, त्यो त्याला पाडतोय. जो थांबला, त्यो भिंत. भिंतीची भीती वाटत न्हाई. म्हून रिकाम्यानं भिंत व्हायचं. आमी हे पंधराव्या वर्षी शिकलाव, आता तुमी म्हनलं म्हून पाय आयकंल व्हय?"

मला खूप ओशाळल्यासारखं झालं. तीस किलोत माझी ही गत, आणि या माणसांनी उभा जन्म शंभर शंभर किलोंची पोती वाहिली होती. मी म्हटलं, "पण अप्पा, माझ्या रोबोला भिंत आणि माणूस यातला फरक कळतो. माणूस जवळ असला की तो हलणारच नाही. त्याला तसंच बनवलंय, आणि ते बदलता येणार नाही."

"हाव. बरोबरच बनवलंय. मग मानसानं भिंतीच्या आत जावं." त्यांनी गल्लीकडे बोट केलं. जुन्या गोदामांत म्हणे थप्पी लावताना दर पंधरा पावलांवर एक माणूस मावेल एवढी खाच सोडत. समोरून भरलेला आला की रिकाम्यानं खाचेत शिरायचं. पुढे माल वाढला, जागा कमी पडू लागली आणि खाचा बुजल्या. "औंदा दुष्काळ हाय. जागाच जागा हाय," अप्पा म्हणाले. दुष्काळाबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

दोन दिवसांत टोळीनं सगळ्या गल्ल्या पुन्हा लावल्या. दर पंधरा पावलांवर एक खाच, आणि खाचेपुढे चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ. पंधरा पावलं अर्थात अप्पांची. माझ्या टेपनं मोजलं तर प्रत्येक अंतर जवळपास सारखं भरत होतं, म्हणून मी टेप खिशात ठेवला. मग मी माझं काम केलं. रोबोंना शिकवलं की समोरासमोर आले तर रिकाम्यानं बाजू घ्यायची आणि भरलेल्यानं जायचं. आमच्या पुस्तकात हे नव्हतं. जो आधी येईल त्यानं आधी जायचं, एवढंच होतं. साहेबांशी मी तासभर भांडले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "कर, पण कुणी विचारलं तर हा नियम कुणाचा म्हणून सांगणार आहेस?" मी सांगितलं, अप्पांचा. आज आमच्या कंपनीचे रोबो ज्या ज्या गोदामात जातात तिथे हा नियम चालतो, आणि आमच्या ऑफिसात तरुण इंजिनिअर एकमेकांना विचारतात, 'अप्पा लावलास का?' त्यातल्या कुणी अप्पांना पाहिलेलं नाही. मला मात्र ते ऐकलं की दरवेळी छान वाटतं.

त्यानंतर काम असं काही धावलं की मी नुसती बघत राहिले. भरलेला निलंगा आला की हमाल एक पाऊल बाजूला होऊन खाचेत, निलंगा पुढे गेला की परत वाटेवर. कुणाची चाल तुटत नव्हती. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सगळी टोळी शेतात गेली तेव्हा अप्पांनी मलाही ओढून नेलं. पिकं कडब्यासारखी वाळली होती, पण सण झाला. ताकातली आंबील आणि शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खाऊन मला झाडाखाली डुलकी लागली. संध्याकाळी परतताना अप्पांच्या हातात आंबिलीचं गाडगं होतं. गोदामात आल्यावर त्यांनी चार्जिंगला बसलेल्या सहाही तालुक्यांभोवती लांबून, मोजून, पिकाभोवती शिंपडतात तसे आंबिलीचे थेंब शिंपडले. "लांबनंच हाय, ताई," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "डोळ्याला लागलं न्हाई."

तपासणीच्या दिवशी बाहेरच्या कंपनीचे तीन साहेब आले. मी घामाघूम. अप्पांनी नेहमीसारखं सोळा मोजलं आणि टोळीला कामाला लावलं. दोन तास सगळं सुरळीत चाललं. मग त्यातल्या मोठ्या साहेबांना फोन आला आणि ते बोलत बोलत नेमके गल्लीच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. समोरून भरलेला देवणी आला आणि थांबला. त्याच्यामागे चाकूर. साहेबांना हटकायचं कुणी? एवढ्यात खाचेतून करीमचाचांचा हात बाहेर आला. त्यांनी साहेबांना दंडाला धरून अलगद आत ओढलं. "खाली हाथ हो ना, साब? फिर बाजू होना." देवणी गेला, चाकूर गेला. साहेब खाचेत चाचांच्या खांद्याला खांदा लावून उभे. गाड्या गेल्यावर त्यांनी चुन्याची रेघ पाहिली, मागची पुढची सगळी गल्ली पाहिली आणि फोन बंद केला. "हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं. सोळा बोटं एकदम अप्पांकडे वळली.

आम्ही पास झालो. मालकांनी पेढे वाटले, अप्पांनी एक पेढा निलंग्याच्या पाठीवर ठेवला, आणि मी कुणालाही न विचारता करीमचाचांना मिठी मारली. त्या धांदलीत पुण्याला पाठवायच्या कागदांत मी त्या बाहेरच्या कंपनीचे नियम पहिल्यांदा नीट वाचले. नववा नियम असा होता: रोबो चालतात त्या भागात साठीच्या वरच्या माणसाला काम करता येणार नाही. करीमचाचांना साठीला अजून तीन वर्षं होती, बाकीचे तर सगळे लहान. साठी ओलांडलेला गोदामात एकच माणूस होता.

मी कागद घेऊन धावत गेले. अप्पा पोत्यावर बसून पेढा खात होते.

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्याच दिशी वाचलं की मालकानं. तुमी वायरी बघून राहिला व्हता."

"मग सोळाच्या सोळा म्हणालात ते?"

"सोळाच हायेत," अप्पा म्हणाले. "मुकादम मोजत न्हाईत."

मला रडू फुटलं आणि त्याहून जास्त राग आला. तीन महिने या माणसानं स्वतःला घालवणारी यंत्रं रोज सकाळी स्वतःच्या रुमालानं पुसली होती, खाचा मोजल्या होत्या, मला शिकवलं होतं. मी मालकांकडे गेले. त्यांचेही डोळे भरलेले. दारावर राखणीला बसा म्हणून त्यांनी विनवलं होतं, पण बसून खायची सवय नाही म्हणत अप्पांनी नाही म्हटलं होतं. ते देवणीला लेकीकडे जाणार होते. "रडू नका, माय," ते मला म्हणाले. ताईची माय मी त्या दिवशी झाले. "मी जिल्हा आत न्हेला. आता तालुके बी मार्गी लावले. लई झालं की."

शेवटच्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला आले. काचा पुसल्या, मागे विभूती लावली, आणि हजेरीची वही करीमचाचांच्या हातात दिली. चाचांनी बोट लावून खांदे मोजले. तेरा, चौदा, पंधरा. बोट हवेतच थांबलं. "अप्पा, एक कम है!" ते घाबरून म्हणाले. पुन्हा मोजलं, पुन्हा पंधरा. अप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "आरं, मुकादम झालास न्हवं तू? सोताला मोजतंय का कुणी?" मग सगळेच हसले.

कुणी पाया पडेल याची अप्पांनी वाट पाहिली नाही. ते मधल्या गल्लीनं दाराकडे निघाले. हातात पिशवीसुद्धा नव्हती. समोरून निलंगा येत होता, काठोकाठ भरलेला. अप्पा सवयीनं खाचेकडे वळले, आणि मी हातातल्या पडद्यावर बोट दाबलं. निलंगा थांबला आणि बाजू घेऊन उभा राहिला.

"ताई, भरल्याला थांबवू नये," अप्पा रागावून म्हणाले. "मी रिकामा हाय."

मी गल्लीत पाहिलं. पंधराही जण आपापल्या खाचांत शिरले होते, पाठी थप्पीला टेकवून, हात खाली सोडून. शेवटच्या खाचेतून करीमचाचा बोलले, "कायके खाली, अप्पा? हम सोला जने हैं ना तुमारे पीठ पो. चलो, रस्ता खुला है."

अप्पा उभे राहिले. मग त्यांनी रुमाल सारखा केला, शंभर किलोंचं पोतं घेतल्यासारखे कमरेत जरा वाकले आणि समोरच्या दोन पावलांवर नजर ठेवून चालू लागले. मीही एका खाचेत शिरून पाठ टेकवली. ते दाराबाहेर जाईपर्यंत आमच्यातलं कुणीही हललं नाही.